वचन तसें वर्तन : जॉर्ज म्युलर यांचें चरित्र



रविवारीं मंडळींत शास्त्रपाठ वाचला जातो, उपदेशक त्यावर बोध करितात, आणि आपण आमेन म्हणून घरीं जातों. सोमवारीं सकाळीं शेताची मशागत, दुकानदाराची उधारी, शेजाऱ्याशीं बांधावरून चाललेला तंटा, मुलाचें आजारपण हें सर्व पुढें उभें राहतें. त्या वेळीं रविवारचें वचन कोठें असतें? पुष्कळांच्या घरीं तें पुस्तकासह फडताळांत असतें. वचन ऐकणें एक व वचनाप्रमाणें चालणें दुसरें, हें याकोबानें आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत बजावून ठेविलें आहे. परंतु चालावें कसें, हें एखाद्या चाललेल्या माणसाच्या चरित्रावरून लवकर समजतें. म्हणून ज्या मनुष्यानें बायबलांतील वचनें आपल्या पैशाच्या पिशवीला, घरभाड्याला, मंडळींतील बसण्याउठण्याला आणि घरच्या दुःखाला लावून पाहिलीं, त्याची हकीकत येथें देत आहों.

पूर्वचरित्र

जॉर्ज म्युलर यांचा जन्म तारीख २७ सप्टेंबर १८०५ रोजीं जर्मनींतील प्रशिया राज्यांत क्रोपेनस्टेट नांवाच्या गांवीं झाला. बाप सरकारी जकात वसूल करणारा कामगार होता. मुलांना पैसा जपून ठेवण्याची सवय लागावी म्हणून तो त्यांच्या हातीं लहानपणापासूनच पैसा देई. परंतु परिणाम उलट झाला. दहा वर्षांचा होण्यापूर्वींच जॉर्ज बापाजवळच्या सरकारी पैशांतून चोरी करूं लागला. बापाला संशय आला तेव्हां त्यानें कांहीं रक्कम मोजून खोलींत ठेविली व मुलाला तेथें एकटें सोडलें. मागाहून झडती घेतां ते पैसे मुलाच्या बुटांत, पायाखालीं, सांपडले. जॉर्ज चौदा वर्षांचा असतां ज्या रात्रीं त्याची आई मरणास टेंकली होती, त्या रात्रीं तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत होता. दृढीकरणाच्या वेळीं पाळकास देण्यासाठीं बापानें जी रक्कम दिली, तिचा फक्त बारावा हिस्सा त्यानें पाळकाच्या हातीं ठेविला आणि बाकीची स्वतः लाटली. सोळाव्या वर्षीं खाणावळींत राहून पैसे न देतां पळाल्याबद्दल तो पकडला गेला व तीन आठवड्यांहून अधिक काळ तुरुंगांत राहिला.

अशा मुलाला पाळक करावें असें बापाच्या मनांत होतें. मुलाला चांगलें वेतन मिळावें व आपलें म्हातारपण त्याच्या घरीं सुखांत जावें, एवढाच त्यांत हिशेब होता. जॉर्जचाहि हिशेब याहून निराळा नव्हता. त्याच्या संग्रहीं सुमारें तीनशें पुस्तकें होतीं. पण त्यांत बायबल नव्हतें. वर्षांतून दोनदां तो प्रभुभोजन घेई, आणि पुन्हां दारू, पत्ते व कर्ज यांकडे वळे.

१८२५ सालीं तो हाले येथील विद्यापीठांत ईश्वरविद्या शिकत होता. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत, एका शनिवारीं संध्याकाळीं, बेटा नांवाचा मित्र त्याला वॅग्नर नांवाच्या एका व्यापाऱ्याच्या घरीं घेऊन गेला. तेथें थोडे लोक जमत, गीत गात, शास्त्राचा अध्याय व छापील उपदेश वाचीत आणि प्रार्थना करीत. त्या सभेंत एका मनुष्यानें गुडघे टेंकून प्रार्थना केली. पाळक होऊं पाहणाऱ्या ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आजपर्यंत कोणासहि तसें करतांना पाहिलें नव्हतें, आणि स्वतःहि तशी प्रार्थना केली नव्हती. त्या संध्याकाळीं त्याचें मन पालटलें. वाईट सोबत सुटली. खोटें बोलण्याचा त्याला वीट आला. त्याला प्रभूकडे आणणारी सभा एका व्यापाऱ्याच्या घरांत भरली होती. वाचकहो, तुमच्या ओसरीवर चार माणसें जमून जी प्रार्थना होते, ती क्षुल्लक समजूं नका.

नव्या जीवनाची पहिली परीक्षा घरींच झाली. जॉर्जनें मिशनरी होण्याचा विचार कळविला तेव्हां बाप अतिशय रागावला व दुःखी झाला. ज्या आशेनें बापानें पैसा खर्च केला ती आशा आपण पुरी करणार नाहीं, मग त्याचा पैसा घेणें प्रामाणिकपणाचें नाहीं, असें जॉर्जला वाटलें. अभ्यास पुरा व्हावयाचा होता. तरी त्यानें घरून पैसा घेणें बंद केलें, आणि हाले येथें आलेल्या कांहीं अमेरिकन पंडितांना जर्मन भाषा शिकवून आपला खर्च चालविला. जो मुलगा बापाचे पैसे बुटांत लपवीत होता, तो आतां बापानें दिलेला पैसाहि न्यायाचा नसेल तर घेईना.

वाचण्याची रीति

तथापि पहिलीं चार वर्षें म्युलर बायबल फारसें वाचीत नसत. धार्मिक पुस्तकें, लहान ट्रॅक्ट व मिशनरी वर्तमानपत्रें हींच त्यांच्या हातीं असत. १८२९ सालीं ते यहुदी लोकांत सुवार्ता सांगणाऱ्या एका सोसायटीच्या कामासाठीं लंडनला आले, आजारी पडले, आणि हवापालटासाठीं टेनमथ या समुद्रकांठच्या गांवीं गेले. तेथें त्यांना उमजलें कीं, जिवाचें पोषण करणारें मुख्य पुस्तक आपण मिटून ठेवीत आलों आहों. तेव्हांपासून त्यांनीं बायबल क्रमानें वाचण्याचा नेम धरिला : कांहीं भाग जुन्या करारांतून, कांहीं नव्या करारांतून, आणि पूर्ण झालें कीं पुन्हां आरंभापासून. मरेपर्यंत त्यांनीं संपूर्ण बायबल शंभराहून अधिक वेळां वाचलें.

१८४१ सालीं ह्या नेमांत एक भर पडली. त्यापूर्वीं ते सकाळीं उठल्याबरोबर प्रार्थनेस बसत. पण मन भटके, आणि पाव तास, कधीं अर्धा तास, गेल्यावर कोठें खरी प्रार्थना सुरू होई. मग त्यांनीं क्रम बदलला. प्रथम वचन उघडावें, थोडें थोडें वाचून त्यावर मनन करावें, आणि पापाची कबुली, उपकारस्तुति किंवा दुसऱ्यांसाठीं विनंति जें सुचेल तें तेथल्या तेथें देवापुढें बोलावें. हें वाचन उपदेशाच्या तयारीसाठीं नसे. तें स्वतःच्या जिवाचें अन्न म्हणून असे. उपदेशक बंधूंनीं ह्या गोष्टीचा विचार करावा. जो केवळ रविवारच्या बोधासाठीं बायबल उघडतो, तो पंगतीला वाढून स्वतः उपाशी निजणाऱ्या वाढप्यासारखा आहे.

बसण्याच्या जागा

१८३० सालीं म्युलर टेनमथ येथील एका लहान मंडळीचे पाळक झाले. वर्षाला ५५ पौंड वेतन ठरलें. त्या काळीं इंग्लंडांतील पुष्कळ उपासनामंदिरांत बसण्याचीं बांकें भाड्यानें देत, व त्या भाड्यांतून पाळकाचें वेतन निघे. जो चांगलें भाडें देई त्याला चांगली जागा. गरिबाला राहील ती. म्युलर यांनीं याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला. श्रीमंत पोशाखाच्या मनुष्यास मानाची जागा व मळक्या वस्त्राच्या मनुष्यास पायांपाशीं जागा देणाऱ्या मंडळीला तेथें दोष दिला आहे. हें आपल्याच मंदिराचें वर्णन आहे, असें म्युलर यांना दिसलें. फार प्राचीन काळच्या लोकांस हें लिहिलें होतें असें म्हणून त्यांनीं पान उलटलें नाहीं. ऑक्टोबर १८३० च्या अखेरीस त्यांनीं बांकांचें भाडें बंद केलें, आणि त्याबरोबर आपलें ठरीव वेतनहि सोडलें. मंदिरांत एक पेटी ठेविली. ज्याच्या मनास येईल त्यानें तींत द्यावें. कोणी किती टाकलें हें कोणास कळूं नये. त्याच महिन्यांत त्यांचें लग्न मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशीं झालें होतें. नव्या संसारांत वेतन सोडण्यास ह्या बाईंनीं संमति दिली. त्यांचे बंधु अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांनींहि दंतवैद्याचा चांगला धंदा सोडून बगदाद येथें व पुढें हिंदुस्थानांत सुवार्तेचें काम केलें.

येथें गैरसमज होऊं नये. आपली वाट म्युलर यांनीं दुसऱ्या कोणावर आज्ञा म्हणून लादली नाहीं. काम करणाऱ्यास मजुरी मिळावी, हें प्रभूनेंच शिकविलें आहे. म्हणून एखाद्या मंडळीनें पाळकाचें वेतन थकवून म्युलर यांचें नांव पुढें करणें हा अन्याय होईल. घ्यावयाचा धडा हा कीं, वचनानें आपल्या मंदिरावर बोट ठेविलेलें दिसतांच त्यांनीं मंदिराची व्यवस्था बदलली, आणि त्यांत होणारें नुकसान स्वतः सोसलें. आपल्या खेड्यांतील मंदिरांत बांकांचें भाडें नाहीं. पण खुर्ची कोणासाठीं आणली जाते, सतरंजीच्या मध्यभागीं कोण बसतो, दाराशीं कोण बसतो, आणि पूर्वीच्या जातीची आठवण ठेवून कोण कोणापासून सरकून बसतो, हें प्रत्येक मंडळीनें याकोबाचें पत्र हातीं घेऊन पाहावें.

अनाथांचा बाप

१८३२ सालीं म्युलर ब्रिस्टल शहरीं गेले, व आयुष्याचा बाकीचा काळ तेंच त्यांचें घर झालें. शाळा चालविणें, बायबलें वाटणें व मिशनऱ्यांस साहाय्य करणें यासाठीं त्यांनीं १८३४ सालीं एक संस्था काढिली. मंडळींतील लोकांच्या घरीं जातांना त्यांना एक गोष्ट वारंवार आढळे. एक कारागीर दिवसाचे चौदा ते सोळा तास राबत असे. शरीर झिजलें होतें, आणि देवाच्या गोष्टींस त्याला वेळ उरला नव्हता. थोडें कमी काम करून देवाच्या राज्यास आधीं स्थान द्यावें, असें म्युलर सुचवीत. तर मग मुलाबाळांचें पोट कसें भरेल, अशी त्याची शंका असे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांतील प्रभूचें आश्वासन असे लोक खोटें म्हणत नसत. पण त्यावर भार टाकून चालण्याचें धैर्य त्यांना नव्हतें. अशा भावांच्या डोळ्यांना दिसेल असा एखादा पुरावा असावा, असें म्युलर यांना वाटूं लागलें.

नोव्हेंबर १८३५ मध्यें ऑगस्ट हर्मान फ्रांके यांचें चरित्र त्यांच्या हातीं आलें. फ्रांके यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस हाले येथें देवावर भरंवसा ठेवून मोठें अनाथगृह काढिलें होतें, आणि विद्यार्थी असतां म्युलर स्वतः तेथें कांहीं काळ राहिले होते. असेंच एक घर ब्रिस्टल येथें काढावें, आणि केवळ प्रार्थनेनें चालवून दाखवावें, असा विचार त्यांच्या मनांत आला. ५ डिसेंबरच्या संध्याकाळीं वाचतां वाचतां ते एक्याऐंशीव्या स्तोत्राच्या दहाव्या वचनापाशीं थांबले. तेथें देव आपल्या लोकांना मोठें मागणें मागण्याचें धैर्य देतो व तें पुरविण्याचें अभिवचन देतो. आजवर त्यांनीं ह्या कामाविषयीं देवाची इच्छा काय एवढेंच विचारलें होतें. त्या रात्रीं त्यांनीं गुडघे टेंकून तीन गोष्टी मागितल्या : एक घर, १,००० पौंड, आणि मुलांचा सांभाळ करणारीं योग्य माणसें.

आरंभीच्या देणग्यांत एक देणगी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका अशक्त बाईची होती. तिची आठवड्याची मिळकत कांहीं शिलिंगांची. तिला वारशानें ४८० पौंड मिळाले. बाप मरतांना कर्ज ठेवून गेला होता. इतर भावंडांनीं सावकारांशीं तडजोड करून थोडक्यांत मिटविलें होतें. पण हिनें आपल्या पैशांतून बाकीचें कर्ज फेडलें, आईला १०० पौंड दिले, आणि मग अनाथांसाठीं १०० पौंड आणले. म्युलर यांनीं ती रक्कम लगेच घेतली नाहीं. पुढें हिला पश्चात्ताप होईल कीं काय, म्हणून त्यांनीं तिला पुन्हां विचार करावयास लाविलें, आणि ती समजून उमजून देत आहे अशी खात्री झाल्यावरच घेतली.

घर मिळालें, पैसा येऊं लागला, काम करणारीं माणसें पुढें आलीं. फेब्रुवारी १८३६ मध्यें मुलांसाठीं अर्ज घेण्याचा दिवस नेमला. म्युलर जाऊन बसले, आणि एकहि अर्ज आला नाहीं. घरीं परत येतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, घर, पैसा व माणसें यांसाठीं आपण प्रार्थना केली, पण मुलें येतीलच असें गृहीत धरून त्यांविषयीं मागितलेंच नाहीं. ती संध्याकाळ त्यांनीं प्रार्थनेंत घालविली. दुसऱ्या दिवशीं पहिला अर्ज आला. ११ एप्रिल १८३६ रोजीं विल्सन रस्त्यावरील घर सुमारें तीस मुलींच्या सोयीनें उघडलें. पुढें त्याच रस्त्यावर आणखी तीन घरें झालीं. अडसष्टावें स्तोत्र देवाला अनाथांचा बाप म्हणतें. मग मुलांची भाकर त्या बापाजवळच मागावयाची, असा म्युलर यांचा सरळ विचार होता.

कोणाचें देणें ठेवूं नये

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत पौलानें शिकविलें आहे कीं, प्रीतीचें ऋण तेवढें कायम असावें, बाकी सर्व देणें फेडून टाकावें. म्युलर यांनीं हें वचन व्यवहाराचा नियम म्हणून घेतलें. अनाथगृहासाठीं त्यांनीं कोणतीहि वस्तु उधार घेतली नाहीं. आरंभीं भाकरीवाल्याचा व दूधवाल्याचा हिशेब आठवड्याच्या शेवटीं चुकता होई. १८३८ पासून तंगीचे दिवस आले. सकाळीं हातांत दुपारपुरतेंच पैसे असत. तेव्हां त्यांना वाटलें कीं, आठवड्याअखेर पैसे आलेच नाहींत तर हा गरीब दूधवाला आपल्यामुळें अडचणींत येईल. म्हणून जें घ्यावयाचें तें रोख देऊन, आणि पैसे नसतील तर घ्यावयाचेंच नाहीं, असा नियम झाला. घरांचें भाडें तीन महिन्यांनीं द्यावयाचें असे. तरी तें आठवड्याआठवड्यानें देणें होतच असतें, असें समजून दर आठवड्याचा वांटा ते बाजूला काढूं लागले. जो स्वतः कर्जांत आहे त्यानें आधीं सावकाराचें द्यावें असें त्यांचें मत असे, आणि अशा मनुष्याची देणगी घेण्यास ते राजी नसत. ह्या तंगीच्या दिवसांत काम करणारीं माणसें आपल्याजवळचे चार पैसे आणून देत. पण मुलांना उपाशी राहावें लागलें नाहीं.

आणखी एक नियम होता. आपली गरज देवाला सांगावयाची, माणसांना सुचवावयाची नाहीं. डिसेंबर १८४१ मध्यें वार्षिक सभा व छापील अहवाल यांची वेळ आली. त्याच वेळीं पेटी जवळजवळ रिकामी होती. सभा भरविली असती तर लोकांना परिस्थिति कळून पैसा आला असता, आणि त्यांत कोणी दोष दिला नसता. तरी तोंडानें देवाचें नांव व नजर श्रोत्यांच्या खिशाकडे, असें होऊं नये म्हणून त्यांनीं ती सभा व अहवाल कित्येक महिने पुढें ढकलला.

हा भाग आपल्या खेड्यांसाठीं विशेष विचार करण्यासारखा आहे. मुलीच्या लग्नांत चार लोकांनीं नांव घ्यावें म्हणून कर्ज काढणें, आणि मग तें फिटावें म्हणून देवाजवळ चमत्कार मागणें, ही रीति आपल्यांत नाहीं असें कोण म्हणेल? पेरणीच्या वेळीं किंवा दुखण्यांत मनुष्याला नाइलाजानें कर्ज काढावें लागतें. त्याला दोष देण्यासाठीं हें लिहिलें नाहीं. परंतु अभिवचनाचें स्तोत्र पाठ आणि देणें फेडण्याची आज्ञा विसरलेली, असें बायबल म्युलर यांच्या घरीं नव्हतें. मागण्यासाठीं तोंड उघडणाऱ्या ह्या मनुष्याचा हात दुकानदाराचे पैसे देण्यासाठीं आधींच उघडा होता.

शेजारी, मजूर आणि वारा

१८४५ सालीं विल्सन रस्त्यावरील एका शेजाऱ्यानें म्युलर यांस सभ्यपणें पत्र लिहिलें कीं, मुलांच्या खेळण्याच्या गलबल्यानें आजूबाजूच्या लोकांस त्रास होतो. धर्मकार्य म्हणून म्युलर यांना त्या तक्रारीकडे दुर्लक्ष करतां आलें असतें. त्यांनीं पत्र देवापुढें ठेविलें, तक्रार रास्त आहे असें ठरविलें, आणि शहराबाहेर मोकळ्या जागीं स्वतंत्र इमारत बांधण्याचा विचार त्यांतून निघाला. ॲशले डाउन नांवाच्या टेंकडीवर १८४९ सालीं ३०० मुलांची पहिली इमारत सुरू झाली. १८७० पर्यंत तेथें पांच इमारती उभ्या राहिल्या व २,०५० मुलांची सोय झाली.

नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस त्या पहिल्या इमारतींतील मोठा बॉयलर गळूं लागला. याच्याच गरम पाण्यानें थंडीच्या दिवसांत सर्व खोल्या ऊबदार राहत. सभोंवतीं विटांचें बांधकाम असल्यामुळें तें फोडल्याशिवाय गळती कोठें आहे हें कळेना, आणि दुरुस्ती होईपर्यंत आग विझविणें भाग होतें. आंत तीनशें मुलें, त्यांत कित्येक अगदीं लहान. दुरुस्तीचा दिवस ठरल्यावर बोचरा उत्तरेचा वारा सुटला. म्युलर यांना नहेम्याच्या पुस्तकांतील यरुशलेमेचा कोट बांधणारे लोक आठवले. त्यांचें मन कामावर बसलें होतें म्हणून काम झपाट्यानें झालें होतें. त्यांनीं देवाजवळ दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेचा व्हावा, आणि कामकऱ्यांना तशीच उमेद मिळावी. आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तरेचाच वारा होता. ठरल्या दिवशीं तो फिरला, व हवा इतकी सौम्य झाली कीं आगीची गरज पडली नाहीं. गळती लवकरच सांपडली. संध्याकाळीं कामकऱ्यांचा मालक आला तेव्हां उद्यां पहाटे परत येण्यापेक्षां रात्रभर काम करण्यास त्या माणसांनीं स्वतः होकार दिला. सुमारें तीस तासांत बॉयलर दुरुस्त होऊन पुन्हां पेटला.

ह्या गोष्टींत लोक वाऱ्याचें तेवढें नवल करितात. पण म्युलर यांनीं प्रार्थना करून हात जोडून बसणें पत्करलें नव्हतें. कारागीर बोलाविले होते, दिवस नेमला होता, आणि रात्रीं स्वतः तेथें हजर होते. मजुरांच्या मनासाठींहि त्यांनीं देवाजवळ मागितलें, हें तर आपण सहसा करीत नाहीं. मजूर आळशी आहेत म्हणून आपण रागावतों. त्यांच्यासाठीं प्रार्थना किती जण करितात?

दुःखांत वचन

म्युलर यांचा एकुलता एक मुलगा १८३५ सालीं सव्वा वर्षाचा होऊन वारला होता. ६ फेब्रुवारी १८७० रोजीं त्यांची पत्नी मेरीबाई संधिवाताच्या तापानें मरण पावली. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि अनाथगृहाच्या प्रत्येक कामांत तिचा हात. तिच्या अंत्यविधीनंतरचा उपदेश म्युलर यांनीं स्वतः केला, व त्यासाठीं एकशें एकोणिसाव्या स्तोत्राचें अडसष्टावें वचन घेतलें, ज्यांत देवाचा चांगुलपणा व त्याचीं चांगलीं कामें यांची कबुली आहे. त्याचे त्यांनीं तीन भाग केले : ही पत्नी मला दिली यांत देव चांगला, इतकीं वर्षें माझ्याजवळ ठेविली यांत चांगला, आणि आतां नेली यांतहि चांगला. पहिले दोन भाग कोणीहि म्हणेल. तिसरा म्हणतां यावा म्हणून त्याला चाळीस वर्षें रोज सकाळीं वचन खावें लागतें. संकटाच्या दिवशींच प्रथम बायबल शोधावयास निघालें तर तें वचन हातीं लागलें तरी जिभेवर येत नाहीं.

हिंदुस्थानाशीं संबंध

१८७५ पासून, सत्तरीच्या घरांत असतां, म्युलर निरनिराळ्या देशांत उपदेश करीत फिरूं लागले. सतरा वर्षांत ते ४२ देशांत गेले. हिंदुस्थानांत ते दोनदां आले. दुसऱ्या खेपेस, जानेवारी १८९० मध्यें, जबलपूर येथें असतां आपली एकुलती मुलगी लिडिया ब्रिस्टल येथें वारल्याचें वर्तमान त्यांना मिळालें. त्या वेळीं ते ८४ वर्षांचे होते. त्यानंतरहि दोन वर्षें त्यांचा उपदेशाचा प्रवास चालूच राहिला.

महाराष्ट्राशीं त्यांचा जो खरा संबंध जडला तो पंडिता रमाबाई यांच्या द्वारें. रमाबाईंनीं म्युलर यांचें चरित्र वाचलें, आणि हिंदुस्थानांतहि देवावर असाच भरंवसा ठेवून काम कां होऊं नये, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या, आणि पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. एका माणसानें वचन पाळलें, त्याची हकीकत दुसऱ्या देशांतील एका बाईनें वाचली, आणि शेंकडों मुलींना भाकर व घर मिळालें. वचन आचरणांत उतरलें कीं तें असें हातोहात जातें.

अखेर

९ मार्च १८९८ च्या संध्याकाळीं म्युलर यांनीं नेहमींप्रमाणें प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेऊन आलेल्या नोकरास ते खोलींत मरण पावलेले आढळले. वय ९२ वर्षांचें होतें. त्यांच्या हयातींत १०,०२४ अनाथ मुलांचा सांभाळ झाला, आणि सर्व कामांसाठीं मिळून सुमारें पंधरा लाख पौंड त्यांच्या हातांतून गेले. स्वतःच्या नांवें आलेल्या पैशांतून त्यांनीं ८०,००० पौंडांहून अधिक दान केलें. मरणाच्या वेळीं पुस्तकें व घरसामान धरून त्यांची मिळकत सुमारें १६० पौंड भरली. पुढें मुलांना लहान लहान घरांत वाढविण्याची रीति आली, व १९५८ सालीं टेंकडीवरील त्या मोठ्या इमारती विकण्यांत आल्या. दगडविटा गेल्या, जें वचनावर उभें होतें तें अजून वाचणाऱ्यांस उपयोगी पडत आहे.

ख्रिस्ती बंधुभगिनींनो, म्युलर यांच्यासारखें दोन हजार मुलांचें घर आपणांपैकीं कोणाकडून मागितलें जाणार नाहीं. पण त्यांनीं ज्या वचनांना हात घातला तीं सर्व आपल्या घरच्या बायबलांतहि आहेत. तेव्हां वाचतांना चार गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या. पुस्तक कोठेंहि उघडून बोट पडेल तें वचन कौल म्हणून घेऊं नये, क्रमानें वाचावें. अभिवचन आवडलें तर त्याच्या शेजारची आज्ञाहि घ्यावी. वचन शेजाऱ्यास लागू करण्यापूर्वीं स्वतःच्या घरास व स्वतःच्या मंडळीस लावून पाहावें. आणि वाचून उठण्यापूर्वीं त्याप्रमाणें आज कोणतें एक काम करावयाचें, हें ठरवावें : एखाद्या दुकानदाराची बाकी देणें असेल, बांधावरच्या शेजाऱ्याची रास्त तक्रार मान्य करणें असेल, किंवा येत्या रविवारीं दाराशीं बसणाऱ्या भावाला हात धरून आपल्या जवळ बसविणें असेल. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं मुलांकडून रोज थोडें वाचवून घ्यावें, आणि उपदेशकांनीं पुढच्या सभेंत विचारावें कीं, मागच्या आठवड्याच्या वचनानें कोणाच्या घरीं काय बदललें.